सायकलवरचे सात दिवस

आमच्या घरात सायकल हा शब्द फार दिवस दबक्या आवाजात उच्चारला जात असे. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व भावंडे ‘भाऊ’ म्हणत असू, त्यांनी धंद्याची सुरुवात सायकलवर केली. मागच्या कॅरिअरवर कापडाचे दोन गठ्ठे, दांडीला बांधलेला लोखंडी गज आणि हँडलला लटकवलेला डबा एवढा संसार घेऊन ते नगर जिल्ह्यातील आठवडे बाजार करीत. एका गावचा बाजार उठला की दुसऱ्या गावची वाट. पुढे गावात दुकान झाले, गादी झाली, मुनीमजी आले. भाऊंनी ती सायकल मागच्या वखारीत उभी केली आणि आम्हां मुलांना एकच सांगितले, “तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून मी ती चालवली.” त्यामुळे सायकल म्हणजे गरिबी, असे समीकरण मनात घट्ट बसले होते.

म्हणून गेल्या पौषात माझी मुलगी म्हणाली, “पप्पा, मांडव्यापासून रत्नागिरीपर्यंत सायकलने जाऊ. सात दिवस. तुम्ही आणि मी,” तेव्हा मी हसण्यावारी नेले. ती पुण्यात सनदी लेखापाल आहे. सुटीच्या दिवशी पहाटे सायकल घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जाते. माझे वय सत्तावन्न, गुडघे त्याहून थोडे मोठे. परंतु खरी अडचण गुडघ्यांची नव्हती. गेल्या एकतीस वर्षांत मी सलग सात दिवस गादी सोडलेली नव्हती.

सौभाग्यवती मात्र मुलीच्या बाजूने उभी राहिली. “पौषात लग्ने नसतात, दुकानात माश्या मारायच्या तर चिरंजीव मारतील,” असे ती म्हणाली. चिरंजीव तीन वर्षांपासून दुकानात बसत होते. म्हणजे बसत होते माझ्या शेजारी. मुलीने एक अट घातली. सात दिवस दुकानात फोन करायचा नाही. संध्याकाळी मुलाकडून ‘सर्व ठीक’ एवढा संदेश येईल, तेवढा वाचायचा. मी मान डोलावली. व्यापाऱ्याने मान डोलावणे आणि शब्द देणे यांत अंतर असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

डिसेंबरभर मी पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर सराव केला. ओळखीचे लोक थांबून विचारीत, “शेठ, गाडी बिघडली का?” पहिल्या आठवड्यात मी खरोखरच “हो” म्हणून वेळ मारून नेली.

मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करून आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली चढवल्या आणि मांडव्याला उतरलो. तासाभराचा तो जलप्रवास संपला आणि समोर एकदम नारळ, सुपारी, वाल पेरलेली शेते आणि जांभ्या दगडाचे गडगे असा वेगळाच मुलूख सुरू झाला. अलिबाग मागे टाकून दुपारी आम्ही चौलला पोहोचलो.

चौल आज नारळीपोफळीच्या वाड्यांत लपलेले शांत गाव आहे. बाजाराचा गजबजाट नाही, गोदीचा मागमूस नाही. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक दर्यावर्दी ज्या बंदराचा उल्लेख करतात ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इथले रेशमी कापड नावाजलेले होते. पुढे मुंबई वाढू लागली तेव्हा येथील काही विणकर तिकडे जाऊन राहिले. कापडवाल्याला हे वाचून ठाऊक असणे वेगळे आणि त्या वाडीतल्या मातीच्या वाटेने सायकल हातात धरून चालणे वेगळे. मी मुलीला म्हटले, “आपला धंदा इथून निघून गेला आहे बघ.” ती म्हणाली, “निघून गेला नाही, पप्पा. पुढे गेला.”

शेजारचे रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. किल्ल्याच्या तटातूनच रस्ता आत शिरतो. पडक्या चर्चच्या भिंती आणि एक उंच एकाकी मनोरा माडांच्या वर डोके काढून उभा आहे. 1740 मध्ये हा भाग मराठ्यांच्या ताब्यात आला. तेथील शाळेच्या आवारात एका रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे, ते मला मुद्दाम पाहायचे होते. अफानासी निकितिन हा त्वेर गावचा व्यापारी. पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या कितीतरी आधी, वाटेत लुटला जाऊनही तो इराणमार्गे चौलला उतरला. विकायला त्याच्याकडे एकच घोडा होता. तो घेऊन तो घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तिथे अडकला. तिथल्या अधिकाऱ्याने घोडा काढून घेतला, तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला आणि पुढे बीदरच्या मुलखात विकला गेला. हिंदुस्थानात मालाचा सुकाळ असल्याचे लोकांनी सांगितले, पण आपल्या देशात खपेल असे काहीच इथे नाही, अशी त्याची तक्रार त्याच्या प्रवासवृत्तात आहे. परतीच्या वाटेवर, घर गाठण्यापूर्वीच, तो वारला. एका घोड्याच्या नफ्यासाठी एवढा प्रवास! तरीही वाटले, याने आपला हिशेब लिहून ठेवला म्हणून त्याचे नाव राहिले. ज्यांना नफा झाला त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

आमचा एक नेम या प्रवासात आपोआप वेळापत्रक होऊन बसला. सूर्यास्तापूर्वी जेवण. पौषात सव्वासहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे साडेपाचला मुक्कामी पोहोचायला हवे, म्हणजे पहाटे निघायला हवे, म्हणजे रात्री लवकर झोपायला हवे. सायकल चालवणारे तज्ज्ञ जी शिस्त पैसे घेऊन शिकवतात, ती आम्हांला घरूनच मिळालेली होती. कोकणातल्या घरगुती खाणावळींत आदल्या दिवशी फोन करून “कांदा, लसूण, बटाटा नको, आणि जेवण पाच-साडेपाचला” असे सांगितले की क्षणभर शांतता पसरे. मग पलीकडून एखादी काकू म्हणे, “बरं, घावन चालतील? डाळिंब्यांची उसळ चालेल?” गरम घावन, नारळाची चटणी आणि ओले खोबरे घातलेली वालाची उसळ. तक्रारीला जागाच नव्हती. पाणी मात्र आम्ही उकळून गार केलेलेच भरून घेत असू. त्याबद्दल एका काकूंनी मला पोटाच्या विकारावर काढा सुचवला.

दुसऱ्या दिवशी कुंडलिका नदीचे मुख ओलांडून कोर्लईला गेलो. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर किल्ला आणि पायथ्याशी गाव. या गावातली काही कुटुंबे अजूनही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षे होऊन गेली, पण चुलीजवळची भाषा राहिली. काशीदच्या सुरूच्या बनातून पुढे मुरूड, आणि राजपुरीहून होडीने जंजिरा. चहूबाजूंनी पाणी आणि तटाच्या भिंती सरळ पाण्यातूनच उठलेल्या. सिद्दींचा हा किल्ला कोणालाच जिंकता आला नाही. तटावर उभे राहून मुलगी किती वेळ समुद्राकडे पाहत होती. मी मात्र खिशातल्या फोनकडे पाहत होतो. ‘सर्व ठीक’ हा संदेश आला होता. दोन शब्दांत एवढे मोठे दुकान मावते याचे मला नवल वाटत होते.

तिसरा दिवस सर्वांत लांबचा. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या जंगलजेटीत, म्हणजे मोटारी वाहून नेणाऱ्या सपाट बोटीत, आम्ही सायकली लावल्या. पलीकडे उतरल्यावर कोकणाने आपले खरे रूप दाखवले. इथला किनारी रस्ता म्हणजे खाडीपाशी उतरायचे आणि पुन्हा सड्यावर चढायचे. एक चढ संपला म्हणून श्वास घ्यावा तो दुसरा समोर उभा. एका वळणावर बारीक खडीवर माझे चाक घसरले आणि मी जांभ्याच्या खरखरीत दगडांवर आडवा झालो. कोपर सोलवटले. मुलीने न बोलता जखम धुतली, पट्टी लावली आणि घसरलेली साखळी चढवून दिली. तिचे हात काळे झाले. भाऊंचे हात संध्याकाळी असेच काळे असत, हे मला चाळीस-पन्नास वर्षांनी आठवले.

पुढच्या चढावर मी लाजत लाजत उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. भाऊ सांगत, “चढ आला की उतरावे आणि ढकलावे. त्यात कमीपणा मानू नये. गठ्ठा पोहोचल्याशी कारण.” दिवेआगर, मग सुपारीसाठी प्रसिद्ध असलेले आणि पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव श्रीवर्धन, अशी गावे मागे पडली. हरिहरेश्वरला पोहोचलो तेव्हा घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

जेवून समुद्राकाठच्या खडकांपाशी बसलो असताना फोन वाजला. मुनीमजी. त्यांनी भाऊंच्या हाताखाली काम सुरू केले होते. त्यांचा फोन न घेणे मला शक्य नव्हते. आवाज दबलेला. “शेठ, तुम्हांला सांगू नका असे छोट्या शेठनी सांगितले आहे. पण राहवत नाही. माघाच्या लग्नसराईसाठी साड्यांचा जो माल आला, तो त्यांनी सगळा परत पाठवला.” नमुन्यापेक्षा माल हलका निघाला होता. ज्या पेढीचा तो माल, तिच्याशी आमचा तीस वर्षांचा व्यवहार. असे पूर्वीही दोनदा झाले होते. मी माल ठेवून घेई, मग फोनवर गोड बोलून दर तोडून घेई. माल परत करणे म्हणजे संबंध तोडणे, आणि वर सराईच्या तोंडावर फळ्या मोकळ्या!

मी उठलो. सकाळी एसटी मिळेल का, याची चौकशी करून आलो. मुलीला सांगितले. ती रागावली नाही, याचेच मला वाईट वाटले. ती एवढेच म्हणाली, “पप्पा, बस आहे. तुमची सायकल मी पाठवून देईन. पण तुम्ही उद्या गादीवर जाऊन बसलात, तर तो पुन्हा कधी निर्णय घेणार नाही. आणि घेतला, तर तुमच्यापासून लपवून घेईल.”

रात्रभर मला झोप लागली नाही. लाटांचा आवाज ऐकत पडलो असताना एक जुनी गोष्ट आठवली. 1989 साली भाऊ सम्मेदशिखरजीच्या यात्रेला महिनाभर गेले होते. मी तेव्हा नवा, उत्साही. एका दलालाच्या बोलण्यावर भुलून मी शर्टिंगचा मोठा माल उचलला. तो रंग आमच्या तालुक्यात कोणी अंगाला लावायला तयार नव्हते. दीड वर्ष तो वखारीत पडून होता. शेवटी चिंधीच्या भावात गेला. भाऊ परत आले, त्यांनी गठ्ठे पाहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या पश्चात जुन्या वह्या चाळताना मला त्या नुकसानीची नोंद सापडली. ती त्यांनी तोटा खात्यावर टाकलेली नव्हती. ‘शिक्षण खर्च’ असे शीर्षक घालून त्याखाली रक्कम लिहिली होती.

सकाळी एसटी निघून गेली. मी बागमांडल्याच्या धक्क्यावर जंगलजेटीची वाट पाहत उभा होतो.

सावित्री नदी ओलांडून वेसवीला उतरलो. वर बाणकोटचा किल्ला; इंग्रज त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यांच्या सुरुवातीच्या ठाण्यांपैकी हे एक. मोठी व्यापारी जागा होईल अशी त्यांची अपेक्षा होती. ती मुंबईने पुरी केली, बाणकोट मागेच राहिले. केळशी, आंजर्ले करीत हर्णैला पोहोचलो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग आणि अलीकडे मासळीचा लिलाव. तो गंध आम्हांला सोसवणारा नव्हता, म्हणून आम्ही वरच्या रस्त्याने झटपट पुढे झालो. पण लिलावाचा तो आवाज ओळखीचा होता. आमच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा बोली बोलणाऱ्यांचा सूर असाच चढतो. माल वेगळा, जगण्याची घाई तीच.

पाचव्या दिवशी दापोलीजवळच्या मुरूडमधून गेलो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. शाळकरी वयात एका परीक्षेसाठी ते येथून भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने फारच लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. ते तसेच परत आले. गिअरच्या सायकलवर बसून, हेल्मेट घालून, ‘दमलो’ असे म्हणण्याची मला त्या गावात शरम वाटली.

दाभोळला उतरणारा रस्ता इतका तीव्र आहे की ब्रेक धरून बोटे दुखू लागली. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर बहामनी आणि पुढे आदिलशाही राज्याचे समुद्राकडचे दार होते. अरबस्तान आणि इराणमधून घोडे यायचे, इकडून कापड जायचे. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर जाळले, लुटले. ते पुन्हा उभे राहिले, आणि मग हळूहळू, कोणी न जाळताच, लहान झाले. आज खाडीकाठी जुनी मशीद, मासेमारीच्या होड्या आणि पलीकडे धोपाव्याला जाणारी जंगलजेटी. बोटीची वाट पाहत त्या धक्क्यावर बसलो असताना मनात आले की चौल काय, दाभोळ काय, इथल्याही पेढ्यांवर माझ्यासारखे कोणी बसत असतील. ‘तीस वर्षांचा व्यवहार’ हे शब्द त्यांच्याही तोंडी असतील. जहाजे दुसऱ्या बंदराला लागू लागली तेव्हा त्यांच्या मुलांनी काही निराळे करू म्हटले असेल, आणि बापांनी “आमच्या वेळी असे नव्हते” असे सांगितले असेल.

त्या संध्याकाळी गुहागरला मुलाचा नेहमीचा संदेश आला. ‘सर्व ठीक.’ मी पहिल्यांदाच उत्तर लिहिले. ‘इकडेही सर्व ठीक. कोपर सोलवटले, बाकी उत्तम.’ दोन मिनिटांनी त्याचा फोन आला. तो कोपराबद्दलच बोलत राहिला. मी साड्यांबद्दल विचारले नाही. फोन ठेवता ठेवता तोच म्हणाला, “पप्पा, एक गोष्ट घडली आहे. आल्यावर सांगतो.” मी म्हटले, “आल्यावर सांग.”

शेवटचे दोन दिवस मी खरा प्रवास केला, असे म्हणायला हरकत नाही. तवसाळहून जयगडला जाताना खाडीच्या पाण्यावर सकाळचे ऊन पडले होते. गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान पाहिले. पुढे आरे-वारेच्या रस्त्यावर एका बाजूला निळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. त्या उतारावर मी ब्रेक सोडून दिले. मागून मुलगी ओरडत होती, “पप्पा, हळू!” सत्तावन्न वर्षांत मला हळू जा असे कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या राजाला 1885 मध्ये गादीवरून उतरवून इंग्रजांनी येथे आणून ठेवले. तो कधीच परत गेला नाही. त्या रिकाम्या दालनांतून फिरताना मुलगी हळूच म्हणाली, “गादी सात दिवसांसाठी सोडणे बरे.” आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. पहारेकऱ्याने वळून पाहिले. तोवर सायकलच्या काट्यावर साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर झाले होते.

घरी आल्यावर मुलाने सगळे सांगितले. हिशेब सरळ होता. माल परत गेल्याने त्या पेढीचे मालक दुखावले. त्यांनी नमुन्याबरहुकूम माल पाठवला खरा, पण उशिराने. मधल्या दिवसांत एक मोठा बस्ता आमच्या फळ्या मोकळ्या पाहून दुसऱ्या दुकानात गेला. ते घर तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक. नुकसान लहान नव्हते. दुसरीकडे, त्यानंतर आजवर त्या पेढीचा माल नमुन्याहून हलका आलेला नाही. मुलाचे बरोबर की चूक, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी असतो तर तसे केले नसते, एवढे खरे.

आता आमच्या वह्या संगणकात असतात. मी मुलाला जवळ बसवून म्हटले, “एक नवे खाते उघड.” त्याने नाव विचारले. मी सांगितले, “शिक्षण खर्च.” बस्ता गेल्याने बुडालेला नफा आम्ही अंदाजाने काढला आणि तो आकडा त्याखाली टिपून ठेवला. चोख हिशेबात अशी नोंद बसत नाही, हे माझ्या सनदी लेखापाल मुलीने तेव्हाच सांगितले.

“कोणाचे शिक्षण, तेही लिहायचे का?” मुलाने विचारले.

मी म्हटले, ते कोरेच असू दे. मग वखारीत जाऊन भाऊंची सायकल बाहेर काढली. दोन्ही चाकांत हवा नव्हती.